फाइल सेव्ह केली, पण यादीत दिसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोल्डरमध्ये फाइल आहे पण प्रोग्रामच्या यादीत नाही. किंवा यादीत आहे, पण फोल्डरमधून केव्हाच गेलेली आहे. या दोन तक्रारींसाठी हे पान आहे. कोणत्या सिस्टिमबद्दल बोलतोय हे सांगितलेले नसेल तिथे विंडोज समजावे. घाईत असाल तर दुसरे आणि चौथे उत्तर वाचा, बहुतेकांचे काम तिथेच होते.

यादी जुनी दिसतेच कशी? फोल्डर तर एकच आहे ना?

फोल्डर एकच आहे, पण तुम्ही फोल्डर बघत नसता. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावलेली यादी आणि आत क्लार्ककडे असलेले रजिस्टर यांत जो फरक, तोच इथे. तुम्ही फोल्डर उघडता तेव्हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला एकदा विचारतो, "यात काय काय आहे?" मिळालेली नावे मेमरीत ठेवतो आणि स्क्रीनवर मांडतो. त्यानंतर रजिस्टरात कोणी काही खोडले किंवा लिहिले, तर बोर्डावरची यादी आपोआप बदलत नाही.

तुम्ही काही न दाबता ती बदलायचे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे प्रोग्रामने ठरावीक वेळाने पुन्हा विचारणे. दुसरा म्हणजे सिस्टिमला आधीच सांगून ठेवणे, "या फोल्डरमध्ये काही हलले की मला कळव." ही कळवण्याची सोय तिन्हीकडे आहे. लिनक्समध्ये आयनोटिफाय २००५ साली २.६.१३ या कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) आले, मॅकवर एफएसइव्हेंट्स २००७ च्या लेपर्डपासून आहे आणि विंडोजमध्ये तर ती त्याही आधीपासून आहे. पण प्रोग्रामने ती मागून घ्यावी लागते. सगळे घेत नाहीत. काही घेतात, पण नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी तिची खात्री नसते.

म्हणून "लिस्ट अपडेट होत नाहीये" हे एकच दुखणे नाही. जुनी माहिती प्रोग्रामकडे अडकलेली असते, किंवा तुमच्याच मशीनच्या नेटवर्क कॅशमध्ये (थोडा वेळ धरून ठेवलेल्या नोंदींत), किंवा सर्व्हरकडे, किंवा क्लाउडच्या सिंकमध्ये. कुठे अडकली आहे ते आधी शोधायचे, मग बटण दाबायचे.

एफ५ दाबला की झाले ना?

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, होय. फाइल उघडताना किंवा सेव्ह करताना जी छोटी खिडकी येते तिच्यातही एफ५ चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ते कॅन्सल करून पुन्हा ओपन करतात. लिनक्सवर डॉल्फिन आणि उबुंटूचे फाइल्स ॲप एफ५ मानतात. थुनारमध्ये कंट्रोल+आर दाबा. ब्लेंडरच्या फाइल ब्राउझरमध्ये नुसते आर.

पण टोटल कमांडर, डबल कमांडर किंवा मिडनाइट कमांडर वापरत असाल तर एफ५ ला हात लावू नका. तिथे एफ५ म्हणजे कॉपी. ही परंपरा १९८६ च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आली आहे आणि दोन खणांच्या जवळजवळ सगळ्या फाइल मॅनेजरांनी ती पाळली आहे. रिफ्रेश समजून एफ५ दाबला आणि वर सवयीने एंटरही मारला, तर निवडलेल्या फाइली समोरच्या खणातल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. या तिन्हीत यादी नव्याने वाचण्यासाठी कंट्रोल+आर आहे.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारला की कॉम्प्युटर हलका होतो म्हणतात. खरे आहे का?

नाही. रिफ्रेशने फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा वाचून पुन्हा मांडले जातात. रॅम रिकामी होत नाही, प्रोसेसरचा ताप उतरत नाही. मशीन चालू झाल्यावर पाच सेकंद थांबल्याने जे बरे वाटते, त्याचे श्रेय रिफ्रेशला मिळते इतकेच. सवय निरुपद्रवी आहे, चालू ठेवायला हरकत नाही.

एफ५ दाबला, तरी फाइल दिसत नाही. आता?

आता दुसरा साक्षीदार बोलवा. त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डीआयआर कमांड द्या (मॅक-लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएस). फाइल तिथे दिसली, तर दोष तुमच्या प्रोग्रामच्या यादीत आहे. तिथेही नसेल, तर कितीही रिफ्रेश मारा, फाइल त्या फोल्डरमध्ये नाहीच.

फाइल तिथे आहे पण प्रोग्राम दाखवत नाही, तर सर्वांत आधी फाइल उघडण्याच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. तिथे फाइलचा प्रकार निवडलेला असतो. तो एक्सेलच्या फाइलींवर असेल तर सीएसव्ही दिसणारच नाही. "ऑल फाइल्स" करा. मग सर्चच्या चौकटीत आधीचा एखादा शब्द राहून गेला आहे का ते पाहा. लपवलेल्या फाइलींचा प्रश्न त्यानंतर येतो.

फाइल तिथे नाहीच, तर ती दुसरीकडे सेव्ह झाली आहे. याचे सध्याचे सर्वांत मोठे कारण वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची साठवण. त्याचा बॅकअप चालू केला की "डेस्कटॉप" आणि "डॉक्युमेंट्स" हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात, आणि जुन्या जागीही त्याच नावाचा फोल्डर शिल्लक राहू शकतो. एक प्रोग्राम नव्या डेस्कटॉपवर सेव्ह करतो, दुसरा जुना पत्ता धरून बसलेला असतो, आणि तुम्ही दोन वेगवेगळे डेस्कटॉप बघून एकच समजत असता. ॲड्रेस बारमध्ये क्लिक करून पूर्ण पत्ता वाचा, दोन सेकंदांत उलगडा होतो.

दुसरे कारण जुन्या सॉफ्टवेअरचे. हिशेबाचे किंवा बिलिंगचे एखादे जुने सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहू पाहते. व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही. पण सॉफ्टवेअर अडू नये म्हणून ती फाइल गुपचूप युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या जागी ठेवते. सॉफ्टवेअरला ती दिसते. तुम्ही एक्सप्लोररने प्रोग्राम फाइल्समध्ये शोधत बसता, तिथे ती नसते. बॅकअप घेताना हे लक्षात राहिले नाही तर बॅकअप रिकामा जातो, म्हणून जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ऑफिसांनी व्हर्च्युअलस्टोअर एकदा उघडून बघावेच.

ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये सहकाऱ्याने फाइल टाकली. त्याला दिसते, मला दिसत नाही. तो म्हणतो, "नीट बघ."

तुम्ही नीटच बघताय. विंडोज मशीन नेटवर्कवरच्या फोल्डरची यादी दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवते. मूळ सेटिंगमध्ये फोल्डरची यादी १० सेकंद, फाइलची माहिती १० सेकंद, आणि "अशी फाइल नाही" हे उत्तर ५ सेकंद धरले जाते.

यातली शेवटची गोष्ट गमतीची आहे. सहकाऱ्याने फाइल टाकण्याच्या क्षणभर आधी तुमच्या प्रोग्रामने तीच फाइल मागितली आणि ती नव्हती, तर ते "नाही" पुढची पाच सेकंद लक्षात ठेवले जाते. मधल्या काळात फाइल आली तरी प्रोग्रामला "नाही"च ऐकू येते. माणसाला पाच सेकंद म्हणजे काही नाही. पण एक मशीन फाइल बनवते आणि दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्राम ती उचलतो, अशी साखळी जिथे असते, उदाहरणार्थ छापखान्यातला हॉट फोल्डर किंवा लॅबमधले रिपोर्ट, तिथे यामुळे कामे अडतात आणि दोष भलत्याच गोष्टीला लागतो.

तेव्हा दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग एफ५ दाबा. तरीही दिसली नाही तर फोल्डरमधून बाहेर पडून पुन्हा आत या. तरीही नाही, तर दोघांनी आपापला पूर्ण पत्ता मोठ्याने वाचा. निम्म्या वेळा एकाचा झेड ड्राइव्ह आणि दुसऱ्याचा झेड ड्राइव्ह वेगवेगळ्या शेअरवर जोडलेला निघतो.

हे आकडे रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग ठेवते तिथे) लॅनमॅनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये बदलता येतात, शून्य केले तर तो कॅश बंद होतो. सगळ्या ऑफिससाठी सरसकट शून्य करू नका. हजारो फाइलींचा फोल्डर उघडताना प्रत्येक मशीन सारखे सर्व्हरचे दार वाजवू लागते आणि "यादी जुनी" या तक्रारीच्या जागी "सर्व्हर स्लो" ही तक्रार येते. ज्या एका मशीनवर साखळी अडते, तिथेच बदला, तेही सिस्टिम सांभाळणाऱ्याला विचारून.

आमच्याकडे लिनक्स आणि एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरण्याची पद्धत) आहे. तिथे?

तिथे उशीर आणखी मोठा. मूळ सेटिंगमध्ये फोल्डरची माहिती कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ६० सेकंद धरली जाते, फाइलची ३ ते ६०. माउंट करताना, म्हणजे तो फोल्डर मशीनला जोडताना, हे आकडे कमी करता येतात. कॅश पूर्ण बंद करण्याचाही पर्याय आहे, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. शिवाय दुसऱ्या मशीनने केलेल्या बदलाची आयनोटिफायला खबरच लागत नाही, त्यामुळे एनएफएसवर "आपोआप रिफ्रेश" ही अपेक्षाच सोडून द्यावी.

लग्नाचे दोन हजार फोटो कॉपी केले. एक्सप्लोररमध्ये आकडा कमी दिसतो. फोटो गेले का?

बहुतेक नाही. आधी एफ५ दाबून आकडा पुन्हा बघा, तोवर कार्ड फॉरमॅट करू नका.

इथे होते काय, तर "काही बदलले की कळव" असे सांगितल्यावर सिस्टिम त्या बातम्या एका छोट्या जागेत साठवते आणि प्रोग्राम तिथून उचलतो. बातम्या भराभर आल्या आणि प्रोग्राम उचलायला कमी पडला की जागा भरते, आणि पुढच्या बातम्या वाहून जातात. किती लवकर भरते याचा हिशेब सोपा आहे. डॉटनेटमध्ये (प्रोग्राम लिहिण्याची मायक्रोसॉफ्टची साधने) लिहिलेल्या प्रोग्रामांना फोल्डरवर नजर ठेवण्यासाठी जी तयार सोय मिळते, तिची जागा मुळात ८,१९२ बाइट असते. एका बातमीला १६ बाइट आणि वर नावाच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट. नाव ३० चिन्हांचे असेल तर एक बातमी ७६ बाइटची. म्हणजे शंभरेक बातम्यांतच जागा संपली. देवनागरी नावात काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळे चिन्ह मोजले जाते, त्यामुळे दिसायला छोटे नावही आत लांबलेले असते.

जागा भरल्याचा इशारा प्रोग्रामला मिळतो. समंजस प्रोग्राम अशा वेळी सगळे फोल्डर नव्याने वाचतो. न वाचणारेही पुष्कळ आहेत, आणि तुम्हाला दिसणारी अर्धवट यादी त्यांचीच.

मोजणीची खात्री करायची तर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे फाइली नव्याने मोजल्या जातात. आकडा आणि एकूण बाइट दोन्ही जुळले की मग कार्ड रिकामे करा.

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये डावीकडच्या यादीत नवी फाइल येत नाही.

डावीकडे फोल्डरच्या नावावर माउस नेला की गोल बाणाचे बटण दिसते, ते रिफ्रेश. पण रोज ते दाबावे लागत असेल तर मुळाशी जा.

लिनक्सवर बहुधा आयनोटिफायची मर्यादा संपलेली असते. आयनोटिफाय एका वेळी एकाच फोल्डरवर नजर ठेवते, आतल्या प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा पहारेकरी लागतो. जुन्या कर्नलमध्ये एका युजरला असे ८,१९२ पहारेकरी मिळत. नोड मॉड्यूल्सचा (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टसाठी आणलेल्या तयार कोडचा) एखादा धष्टपुष्ट फोल्डर एवढे एकटाच खाऊन टाकतो. ५.११ या कर्नलपासून, म्हणजे २०२१ पासून, मशीनच्या रॅमनुसार ही मर्यादा आपोआप वाढते, वरची हद्द १०,४८,५७६. तुमचे लिनक्स जुने असेल आणि कोपऱ्यात "बदलांवर लक्ष ठेवता येत नाही" अशा अर्थाची सूचना येत असेल, तर हेच कारण. मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. माझे मत उलट आहे: आधी बिल्डचा फोल्डर, नोड मॉड्यूल्स, लॉगचा फोल्डर यांना सेटिंगमधल्या "वॉचर एक्सक्लूड"मध्ये टाका. ज्या फाइली तुम्ही कधी उघडणार नाही त्यांच्यावर पहारा कशाला?

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारे लिनक्स) वापरत असाल तर गोष्ट वेगळी. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर आणि काम लिनक्सच्या बाजूने, अशी मांडणी असेल तर विंडोजकडून झालेला बदल लिनक्सकडच्या प्रोग्रामला कळवला जात नाही. सर्व्हर आपोआप रीस्टार्ट न होणे, ब्राउझरमध्ये जुनेच पान दिसणे, हे सगळे त्यातलेच. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. वेगही वाढेल.

अजून एक, टर्मिनलवाल्यांसाठी. गिटमध्ये ब्रँच बदलली आणि तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे होतात तोच काढून नव्याने तयार झाला, तर टर्मिनल जुन्या, अस्तित्वात नसलेल्या फोल्डरमध्येच उभे राहते. एलएस केले की रिकामे. घाबरून गिट रीसेट वगैरे करू नका, नुसते एक पायरी वर जाऊन पुन्हा आत या.

एक्लिप्स, इंटेलिजे (कोड लिहिण्याचे प्रोग्राम), लाइटरूम (फोटोंचा प्रोग्राम) यांत एक्सप्लोररने टाकलेली फाइल येतच नाही.

हे प्रोग्राम फोल्डर दाखवतच नाहीत. ते स्वतःची वही ठेवतात आणि ती दाखवतात.

एक्लिप्समध्ये प्रोजेक्टवर क्लिक करून एफ५. ही फाइल डिस्कशी जुळत नाही, अशी कुप्रसिद्ध सूचना यायची थांबवायची असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जनरल, वर्कस्पेस इथे जाऊन सिस्टिमच्या सूचनांवरून रिफ्रेश करण्याचा पर्याय चालू करा. तो मुळात चालू का नसतो, हे कोडे मला सुटलेले नाही. इंटेलिजेमध्ये खिडकीवर परत आलात की यादी स्वतःच ताजी होते, नाहीच झाली तर कंट्रोल+ऑल्ट+वाय.

लाइटरूम क्लासिकमध्ये आयात केलेले फोटोच दिसतात, फोल्डरमध्ये असलेले सगळे नाही. नव्या फोटोंसाठी डावीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून "सिंक्रोनाइझ फोल्डर" घ्या. पण त्या खिडकीत हरवलेले फोटो कॅटलॉगमधून (लाइटरूमच्या वहीतून) काढून टाकण्याचीही एक खूण असते. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली नसताना ती खूण ठेवून पुढे गेलात, तर फोटो शाबूत राहतात, पण लाइटरूमच्या दृष्टीने ते गेले, आणि कॅटलॉगमधले त्यांचे एडिटिंगही गेले. आधी डिस्क जोडा.

मॅकवर रिफ्रेशचे बटण कुठे आहे?

नाही. फाइंडरला (मॅकवर फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामला) रिफ्रेशची कमांडच दिलेली नाही, कारण ॲपलच्या मते तिची गरज पडू नये. स्वतःच्या डिस्कवर सहसा पडतही नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरात पडते. एक पायरी वर जाऊन परत आत या, किंवा एक रिकामा फोल्डर बनवून पुसून टाका, फाइंडर जागा होतो. काहीच जमले नाही तर ऑप्शन+कमांड+एस्केप दाबा, यादीत फाइंडर निवडा आणि रीलाँच करा. उघडलेले काम जात नाही.

फाइल डिलीट केली, तरी दिसते. पुन्हा डिलीट केली तर परवानगी नाही म्हणते.

ही यादी जुनी नाही, फाइल खरोखर अर्धमेली आहे. कुठल्यातरी प्रोग्रामने ती उघडून ठेवली आहे. विंडोजने "पुसायची आहे" अशी खूण केली आहे आणि शेवटचा धरणारा सोडेपर्यंत नाव जागेवर राहू शकते. प्रीव्ह्यू पेन, अँटिव्हायरस आणि मागे चालू राहिलेले एक्सेल हे नेहमीचे संशयित. ते बंद झाले की नाव आपोआप जाते. लिनक्समध्ये उलटे: नाव लगेच जाते, पण धरणारा प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. तिथे तक्रार असते, "दहा जीबीचा लॉग पुसला, तरी डिस्क फुलच."

लॉग फाइल शून्य केबी दाखवते, उघडली तर आत मजकूर आहे.

एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) फोल्डरच्या नोंदीत फाइलचा जो आकार लिहिलेला असतो, तो लिहिणारा प्रोग्राम फाइल बंद करतो तेव्हाच खात्रीने दुरुस्त होतो. सतत उघडी राहणारी लॉग फाइल तासन्‌तास शून्य किंवा जुनाच आकार दाखवू शकते. एफ५ ने फरक पडत नाही, कारण एक्सप्लोरर जी नोंद वाचतो तीच जुनी आहे. फाइल उघडली की आकार सुधारतो. आकार बघून "प्रोग्राम बंद पडला" असा निष्कर्ष काढू नका.

मोबाइल केबलने जोडला. आत्ताच आलेला पीडीएफ मोबाइलवर दिसतो, कॉम्प्युटरवर नाही.

अँड्रॉइड केबलवरून आपली खरी डिस्क दाखवत नाही. एमटीपी या पद्धतीने एक यादी पाठवतो. ती यादी फोनच्या मीडिया डेटाबेसमधून येते, आणि एखाद्या ॲपने फाइल बनवून डेटाबेसला कळवलेच नाही तर ती यादीत येत नाही. जुन्या फोनवर हे फार होते. केबल काढून पुन्हा जोडा आणि फोनवर "फाइल ट्रान्सफर" निवडा. तरी नाही आली तर फोन रीस्टार्ट करा. कंटाळा असेल तर सरळ ती फाइल स्वतःला ईमेल करा, लाजू नका.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये रिफ्रेश मारून काही होत नाही.

होणार नाही. तुमच्या डिस्कवर जे उतरले आहे तेच एक्सप्लोरर इमानदारीने दाखवतोय. अडले आहे ते सिंक. घड्याळाजवळचा ढगाचा आयकॉन बघा: सिंक थांबवलेले असते, जागा भरलेली असते, किंवा लॉग-इन सुटलेले असते. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या बाजूला निळा ढग असेल तर ती फक्त ऑनलाइन आहे, यादीत नाव असले तरी इंटरनेटशिवाय उघडणार नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी हव्या त्या फाइलींवर राइट क्लिक करून त्या कायम डिव्हाइसवर ठेवण्याचा पर्याय निवडा.

एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात. रिफ्रेश केले तरी दोनच. असे होऊच कसे शकते?

नाव मराठीत आहे का? मग होऊ शकते.

"शेतकऱ्यांची यादी" हे नाव घ्या. त्यातला ऱ्य तीन प्रकारे टाइप होऊ शकतो. युनिकोडमधला स्वतंत्र ऱ घेऊन पुढे हलन्त आणि य. किंवा साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. किंवा साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह आणि य. कोणता कीबोर्ड किंवा कन्व्हर्टर वापरला यावर ते ठरते. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. विंडोजचे एनटीएफएस आणि लिनक्सचे एक्स्ट४ यांना मात्र ती तीन वेगळी नावे आहेत, म्हणून तीन फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. मॅकचे एपीएफएस पहिले दोन प्रकार एकच मानते, तिसरा वेगळा.

त्यामुळे होते असे: डीटीपीवाल्याने एका कीबोर्डवर टाइप केलेल्या नावाची फाइल तुमच्याकडे आहे, तुम्ही दुरुस्त करून त्याच नावाने सेव्ह करता, "आधीची फाइल बदलू का?" हा प्रश्न येत नाही, आणि फोल्डर उघडल्यावर जुना मजकूर दिसतो. यादी जुनी आहे असे वाटते. खरे तर तुम्ही दुसरीच फाइल उघडलेली असते. सर्चमध्ये नाव टाइप करून फाइल सापडत नाही, तेव्हाही हाच घोळ असू शकतो.

"बदलू का?" हा प्रश्न यायला हवा होता आणि आला नाही, की तिथेच थांबा. तारीख बघून जुनी फाइल ओळखा, तिचे नाव बदला. आणि ज्या फोल्डरमध्ये पाच जण काम करतात तिथे फाइलच्या नावांत ऱ्य, ऱ्ह येऊ देऊ नका; "शेतकरी यादी" केले तर काही बिघडत नाही.

यादी ताजी आहे, पण फोटोचा थंबनेल जुना आहे.

थंबनेलचा कॅश वेगळा असतो. विंडोजमध्ये डिस्क क्लीनअप उघडून त्यात फक्त थंबनेल्सवर खूण करा. अडोबी ब्रिजमध्ये टूल्स मेनूतल्या कॅशमधून त्या फोल्डरपुरता कॅश काढा. सगळा काढला तर मोठ्या संग्रहाचे थंबनेल पुन्हा बनायला बराच वेळ जातो.

फाइलझिलात वेबसाइटच्या सर्व्हरवरची यादी जुनी दिसते.

एफटीपीमध्ये (सर्व्हरवर फाइली पाठवण्याची पद्धत, फाइलझिला तीच वापरते) सर्व्हरने स्वतःहून कळवण्याची सोयच नाही. फाइलझिला एकदा आणलेली यादी जवळ ठेवते, एफ५ दाबला की नवीन आणते. विनएससीपीमध्ये कंट्रोल+आर.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या फाइल ब्राउझरमध्ये काय ठेवू?

सिस्टिमच्या सूचना घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. खिडकी पुन्हा समोर आली की दिसत असलेला फोल्डर एकदा वाचा. बाहेर जाऊन फाइल टाकून परत येणे हीच लोकांची सवय असते, त्यामुळे एवढ्याने बहुतेक तक्रारी संपतात. सूचना वाहून गेल्याचा इशारा आला तर सगळे नव्याने वाचा. सूचना भराभर येत असतील तर प्रत्येकीला यादी रंगवू नका, अर्धा सेकंद थांबून एकदाच रंगवा. नेटवर्कवरच्या फोल्डरचे वाचन मुख्य थ्रेडवर करू नका, सर्व्हर बंद असला तर अख्खे ॲप गोठते.

रिफ्रेशचे बटण ठेवाच, आणि ते खरोखर डिस्कवरून वाचते आहे ना ते तपासा. आपल्याच कॅशमधून यादी पुन्हा रंगवणारी बटणे मी पाहिली आहेत. रिफ्रेश झाल्यावर निवडलेली फाइल निवडलेलीच राहिली पाहिजे आणि स्क्रोल जागचा हलता कामा नये. सातशेव्या ओळीवर असलेल्या माणसाला दर रिफ्रेशला पहिल्या ओळीवर नेऊन सोडणारे ॲप तो चार दिवसांत काढून टाकतो.